उजळणीच्या चार पानांतून पुसलेला इतिहास : एक थ्रेड

१/२६
दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर जीवशास्त्राची उजळणी करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती बहुधा चार पानांचे टिपण असते. आनुवंशिकता, उत्क्रांती, संप्रेरके आणि चेतासंस्था. प्रत्येकाला एक पान. मेंडेल म्हणजे वाटाणा, लॅमार्क म्हणजे जिराफाची मान, डार्विन म्हणजे नैसर्गिक निवड, इन्सुलिन म्हणजे स्वादुपिंड. या थ्रेडचे प्रतिपादन असे की हे टिपण निव्वळ संक्षेप नाही. तो एक इतिहास आहे आणि तो चुकीचा इतिहास आहे. त्यावर पहिला आक्षेप जीवशास्त्राच्या नव्हे, इतिहासाच्या अभ्यासकांनी घ्यायला हवा.

२/२६
यावर ठरलेले उत्तर तयार असते : शास्त्राला इतिहासाची गरज काय? न्यूटनचे चरित्र ठाऊक नसले तरी सफरचंद खालीच पडते. हे उत्तर ऐकायला चोख वाटते, पण टिपण लिहिणारेही ते पाळत नाहीत. त्यांच्या पानावर नावे असतात, साल असते, जिराफ असतो, मठातला एकाकी साधू असतो. म्हणजे इतिहास वगळलेला नसतो. पुरावा वगळलेला असतो आणि गोष्ट तेवढी ठेवलेली असते. बखरीवर आपण जो आक्षेप घेतो, नेमका तोच येथे लागू पडतो.

३/२६
प्रथम आनुवंशिकता. टिपणातला मेंडेल हा जगापासून दूर, बागेत सहज वाटाणे मोजत बसलेला भाबडा साधू आहे. खरा ग्रेगोर मेंडेल व्हिएन्ना विद्यापीठात डॉप्लर यांच्याकडे भौतिकशास्त्र आणि उंगर यांच्याकडे वनस्पतिशास्त्र शिकून आला होता. ब्रनो शहरातला त्याचा मठ विद्याव्यासंगासाठी ख्यात होता. मोराव्हिया हा उत्तम लोकरीच्या मेंढ्यांचा प्रदेश. मठाधिपती नाप यांनी मेंडेलच्या प्रयोगांआधी वीसेक वर्षे मेंढीपालकांसमोर प्रश्न मांडला होता : वारशाने काय येते आणि ते कसे येते?

४/२६
म्हणजे प्रश्न बाजारपेठेने विचारला होता, पद्धत भौतिकशास्त्राने शिकवली होती आणि बाग मठाने दिली होती. १८५६ ते १८६३ या काळात मेंडेलने सुमारे अठ्ठावीस हजार झाडे तपासली. दुसऱ्या पिढीतल्या ७,३२४ बियांपैकी ५,४७४ गोल निघाल्या, १,८५० सुरकुतलेल्या. ‘३ : १’ हे टिपणातले गुणोत्तर या मोजणीतून आले, ते तंतोतंत तीन नव्हते, २.९६ होते. १८६५ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये त्याने निबंध वाचला, १८६६ मध्ये तो छापला गेला. त्याचे महत्त्व जगाला कळायला १९०० साल उजाडले.

५/२६
या मोजणीने नेमके काय मोडले? त्या काळचा सर्वमान्य समज असा की आईबापांचे गुण दुधात पाणी मिसळावे तसे मिसळतात. मेंडेलच्या बियांनी दाखवले की गुण मिसळत नाहीत. ते सुटे राहतात, झाकले जातात आणि पुढे पुन्हा उघडे पडतात. दोन्ही पालक गोल बियांचे असूनही अपत्य सुरकुतलेले निघू शकते. ‘खाण तशी माती’ ही आपली म्हण त्या जुन्या समजाची आहे. वाटाण्याच्या शेंगेत ती १८६५ सालीच खोटी ठरली.

६/२६
आता आपल्या घराकडे वळू. इतिहासाची आवड असणाऱ्या तरुणांच्या समूहांत सर्वाधिक चालणारे वाक्य कोणते? ‘आमच्या रक्तातच आहे.’ अमुक घराण्याचे रक्त, तमुक मावळ्याचा वारसा, शौर्याचे बीज. हे वाक्य लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने दहावीला वाटाण्याचा तक्ता काढून गुण मिळवलेले असतात. तक्ता पाठ झाला. तो कोणत्या समजाविरुद्ध काढला होता हे मात्र टिपणात नव्हते. म्हणून १८६५ पूर्वीचा सिद्धान्त २१ व्या शतकात अभिमानाने मिरवला जातो.

७/२६
थोडा हिशेब करू. १६७४ च्या राज्याभिषेकाला साडेतीनशे वर्षे झाली. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तर मध्ये चौदा पिढ्या येतात. आईबाप दोन, आजीआजोबा चार, पणजीपणजोबा आठ, असे मागे जात चौदाव्या पायरीवर पूर्वजांच्या १६,३८४ जागा होतात. नात्यातल्या लग्नांमुळे एकच व्यक्ती अनेक जागांवर येते, म्हणून प्रत्यक्ष माणसे पुष्कळ कमी. तरीही ‘आमचा मूळ पुरुष’ म्हणून वंशावळीत मिरवणारा तो एक मनुष्य या हजारोंपैकी फक्त एका जागेवर उभा असतो.

८/२६
याहून मौजेची गोष्ट पुढे आहे. गुणसूत्रे पिढीगणिक तुकड्यातुकड्यांनी अदलाबदल होत पुढे जातात. पूर्वजांच्या जागा दर पिढीला दुप्पट होतात. त्यांच्याकडून येणारे तुकडे दर पिढीला साठसत्तरांनीच वाढतात. चौदा पिढ्यांमागून आपल्यात आलेले तुकडे हजाराच्या आतबाहेर भरतात. अर्थात त्या सोळा हजार जागांपैकी बहुतेकींवरून आपल्याकडे डीएनएचा एक कणही पोचलेला नसतो. वंशावळ खरी असू शकते आणि ‘रक्त’ तरीही शून्य असू शकते. वंशावळ हा कागदोपत्री पुरावा आहे, तो तसाच वाचावा.

९/२६
आनुवंशिकतेतले दुसरे वाक्य : ‘अपत्याचे लिंग पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते.’ दोन गुणांचा हमखास प्रश्न. हे शोधले कोणी, हे मात्र टिपणात क्वचितच असते. अमेरिकेतल्या नेटी स्टीव्हन्स यांनी १९०५ साली पिठातल्या किड्यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. मादीच्या पेशीत वीस मोठी गुणसूत्रे होती, नराच्या पेशीत एकोणीस मोठी आणि एक लहान. त्याच वर्षी एडमंड विल्सन यांनी स्वतंत्रपणे मिळताजुळता निष्कर्ष काढला. स्टीव्हन्स १९१२ साली वारल्या.

१०/२६
त्यापूर्वी लिंग कशाने ठरते याची उत्तरे आहार, हवामान, आईची प्रकृती यांत शोधली जात. म्हणजे बोट बहुधा आईकडे. एका स्त्रीने एका किड्याच्या पेशीत पाहून ते बोट खाली आणले. हा संदर्भ काढून घेतला की उरते एक निर्जीव वाक्य, जे फार तर दोष आईवरून बापावर ढकलते. खरे तर दोष कुणाचाच नाही. प्रत्येक वेळी साधारण निम्मी-निम्मी शक्यता आहे.

११/२६
गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला; केंद्राचा १९९४ साली आला. याच महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली नऊशेहून कमी होत्या. ते वाक्य पाठ करून उत्तीर्ण झालेल्या पिढ्या या आकड्याच्या आतच आहेत. पाठांतर आणि समज यांतले अंतर कधी कधी जनगणनेत मोजता येते. केवळ नेटी स्टीव्हन्स शिकवल्याने तो आकडा बदलला असता, असा भाबडा दावा मी करत नाही. पण ज्या वाक्यामागचा झगडा ठाऊक नसतो, ते वाक्य घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर उच्चारण्याचे बळ देत नाही, एवढे खचित.

१२/२६
आता उत्क्रांती. टिपणात दोन जिराफ असतात. लॅमार्कचा जिराफ मान ताणतो आणि त्याची पिल्ले लांब मानेची होतात : चूक. डार्विनचे जिराफ मुळातच लहानमोठ्या मानेचे. लांब मानेचे तगतात : बरोबर. चित्र सुबक आहे, इतिहास म्हणून मात्र डळमळीत. लॅमार्कच्या १८०९ च्या ग्रंथात जिराफाला जेमतेम एक परिच्छेद आहे. डार्विनच्या १८५९ च्या पहिल्या आवृत्तीत जिराफाच्या मानेचा युक्तिवादच नाही. तेथे चर्चा आहे ती जिराफाच्या शेपटीची, माश्या हाकलण्याचे साधन म्हणून. मानेची चर्चा १८७२ च्या सहाव्या आवृत्तीत आली, तीही एका टीकाकाराला उत्तर म्हणून.

१३/२६
त्याहून मोठी गफलत पुढची. आयुष्यात कमावलेले गुण वारशाने जातात, हे मत टिपणात एकट्या लॅमार्कच्या माथी मारले जाते. डार्विनही काही प्रमाणात ते मानत असे. १८६८ साली त्याने आनुवंशिकतेची स्वतःची एक उपपत्ती मांडली : शरीराच्या सर्व भागांतून सूक्ष्म कण निघून जननपेशींत गोळा होतात. ती चुकीची ठरली. मेंडेलचा निबंध त्याआधी दोन वर्षे छापून झाला होता. डार्विनने तो वाचल्याचा पुरावा नाही.

१४/२६
डार्विन चुकला हे सांगितल्याने त्याचा सिद्धान्त लंगडा होतो काय? उलट, तो का टिकला हे तेव्हाच कळते. गुण मिसळत असतील तर उपयुक्त बदल चारदोन पिढ्यांत पातळ होऊन जाईल, हा आक्षेप १८६७ साली फ्लीमिंग जेन्किन यांनी घेतला होता आणि तो गंभीर होता. त्याचे समाधान मेंडेलच्या सुट्या घटकांत होते. १९२० आणि १९३० च्या दशकांत फिशर, हॉल्डेन आणि राइट यांनी दोन्ही धागे गणिताने जोडले. यांतले हॉल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरात वारले. टिपणात उत्क्रांती व आनुवंशिकता ही दोन प्रकरणे शेजारी का येतात, याचे उत्तर या साठ वर्षांच्या वादात आहे.

१५/२६
हा वाद पुसला की काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद येथे तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चूक असल्याचे सांगितले. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचे लिहून ठेवलेले नाही, असे त्यांचे कारण होते. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्रित निवेदन काढून त्याचा प्रतिवाद केला. मंत्र्यांवर हसणे सोपे होते आणि आपण भरपूर हसलो. पण त्या युक्तिवादाला खतपाणी कोठून मिळाले?

१६/२६
ते आपल्याच शाळांच्या भिंतींवरून मिळाले. वाकलेले माकड, मग थोडे ताठ, मग भालाधारी, मग आधुनिक माणूस, अशी एका रांगेत चालणारी आकृती आठवा. तिचे मूळ रुडॉल्फ झॅलिंगर यांनी १९६५ साली एका लोकप्रिय अमेरिकी ग्रंथमालेसाठी काढलेल्या चित्रात आहे. डार्विनने १८५९ च्या ग्रंथात एकच आकृती दिली होती आणि ती फांद्या फुटणाऱ्या रेषांची होती, रांगेची नव्हती. आजचे माकड आपले आजोबा नव्हे. फार दूरचे चुलत भावंड आहे. झाडाऐवजी रांग शिकवली, तर ‘मग माकडे अजून शिल्लक कशी?’ हा प्रश्न मुलाला पडणारच.

१७/२६
आणि मग २०२३. एनसीईआरटीने अभ्यासक्रमाचा भार हलका करण्याच्या कारणाने दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला. ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणाचे नाव ‘आनुवंशिकता’ एवढेच उरले. अठराशेहून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि नागरिकांनी निषेधाचे पत्र काढले. त्याच कपातीत बारावीच्या इतिहासातून मुघल दरबारावरचे प्रकरण गेले. त्यावर आपण इतिहासवाले दोन्ही बाजूंनी आस्तिना सरसावून भांडलो. उत्क्रांतीवर मात्र आपल्यापैकी बहुतेकांनी मौन पाळले, कारण ‘तो आपला विषय नाही’. चार अब्ज वर्षांचा इतिहास पुस्तकातून गेला आणि इतिहासप्रेमींना तो आपला वाटला नाही.

१८/२६
महाराष्ट्र मंडळाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात हे प्रकरण ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या पूर्ण नावाने आहे, हे समाधानाचे. पण पुस्तकात असणे आणि उजळणीत उरणे यांत फरक आहे. शाळेत दहावीनंतर कला शाखेकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याची जीवशास्त्राशी तीच शेवटची भेट. पुढे तो इतिहासाचा पदवीधर होतो, वंश, जात, रक्त, संस्कृती या शब्दांशी आयुष्यभर खेळतो. त्या शब्दांची पारख करण्याचे साधन मात्र चार पानांच्या टिपणात मागे राहिलेले असते.

१९/२६
या अज्ञानाची किंमत गुणपत्रिकेपुरती असती, तर हा थ्रेड लिहिलाच नसता. मेंडेलचे गुणोत्तर हाती येताच काहींनी ते माणसांवर चालवले. गरिबी, व्यसन, ‘मंदबुद्धी’ हे जणू सुरकुतलेल्या बियांसारखे एकेका घटकाचे गुण, असे त्यांनी ठरवले. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक या तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. त्या देशात साठ हजारांहून अधिक माणसांवर अशा शस्त्रक्रिया झाल्या. जुलै १९३३ मध्ये जर्मनीत तसाच कायदा आला आणि तेथील संख्या सुमारे चार लाखांवर गेली. ही माणसे निरक्षर नव्हती. वाटाण्याचा तक्ता त्यांना आपल्याहून चांगला येत होता.

२०/२६
या इतिहासात एक मराठी नाव अभिमानाने घ्यावे असे आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली डॉक्टरेट करीत होत्या. फिशर हे वंशशुद्धीच्या विचाराचे बडे प्रस्थ. नाझी राजवटीने त्यांच्या लेखनाचा आधार घेतला. युरोपीयांच्या कवटीची डावी-उजवी बाजू असमान असते आणि त्याचा संबंध त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीशी आहे, असा मार्गदर्शकांचा कयास. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असमानतेचा वंशाशी संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष मांडला. परदेशात, परभाषेत, गुरूच्या विरुद्ध. ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून आपण त्यांना ओळखतो, आनुवंशिकतेच्या उजळणीत त्यांचे नाव येत नाही.

२१/२६
कुणी म्हणेल, हा जनुकांच्या अतिरेकाचा दोष. तर दुसरे टोक पाहा. सोव्हिएत संघात त्रोफिम लिसेंको यांनी जनुकच नाकारले. वनस्पतीला हवे तसे घडवले की तो गुण पुढे उतरतो, असा त्यांचा दावा आणि त्याला स्टालिनचा वरदहस्त. जगभर फिरून पिकांच्या बियाण्यांचा प्रचंड संग्रह उभारणारे निकोलाय वाविलोव्ह १९४० साली पकडले गेले आणि जानेवारी १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात मरण पावले. १९४८ साली तेथे आनुवंशिकीचे अध्ययनच बंद पाडण्यात आले. एका सत्तेने जनुकाला सर्वस्व मानले, दुसरीने त्याचे अस्तित्व अमान्य केले. दोघींनाही पुरावा आधीच ठरलेला हवा होता.

२२/२६
उरली संप्रेरके आणि चेतासंस्था. येथे एक हमखास प्रश्न असतो : ‘चेता नियंत्रण आणि रासायनिक नियंत्रण यांतील फरक स्पष्ट करा.’ दोन रकाने, चार मुद्दे. हे रकाने निसर्गाने आखलेले नाहीत. पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेचे मत असे की स्वादुपिंडाचा स्राव चेतांच्याच हुकमाने होतो. जानेवारी १९०२ मध्ये लंडनला बेलिस आणि स्टार्लिंग यांनी आतड्याच्या एका भागाच्या चेता कापून तेथे आम्ल सोडले. स्वादुपिंड तरीही स्रवले. मग त्या आतड्याचे आतले अस्तर खरवडून त्याचा अर्क रक्तात टोचला, पुन्हा तेच. निरोप रक्तातून गेला होता. अशा निरोप्याला स्टार्लिंग यांनी १९०५ साली ‘हॉर्मोन’ हे नाव दिले.

२३/२६
मग चेता तरी निव्वळ विजेच्या तारा आहेत काय? १९२१ साली ऑटो लोवी यांनी बेडकाच्या धडधडत्या हृदयाची चेता उत्तेजित केली, ठोके मंदावले. त्या हृदयाभोवतीचा द्राव दुसऱ्या, चेता काढून टाकलेल्या हृदयाला दिला, तेही मंदावले. म्हणजे चेतासुद्धा रसायनाने बोलते. दोन रकान्यांमधली रेघ ज्याने पुसट केली, तो मनुष्य टिपणात नाही. १९३६ साली त्यांना नोबेल मिळाले. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर या ज्यू वैज्ञानिकाला तुरुंगात टाकण्यात आले आणि पारितोषिकाची रक्कम लिहून घेतल्यावरच देश सोडू दिला.

२४/२६
इतिहासाच्या विद्यार्थ्याने तर चेतापेशीची आकृती काढण्यापूर्वी १९०६ चे नोबेल आठवावे. ते गॉल्जी आणि काहाल यांना विभागून मिळाले. गॉल्जीने चांदीच्या क्षारांनी पेशी रंगवण्याची रीत शोधली आणि त्याला चेतासंस्था अखंड जाळे दिसली. काहालने तीच रीत वापरली आणि त्याला सुट्या पेशी दिसल्या. गॉल्जीने पारितोषिक स्वीकारतानाच्या भाषणात काहालचा सिद्धान्त नाकारला. दोन पेशींमधली फट प्रत्यक्ष दिसली ती १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. एकच साधन, एकच पुरावा, दोन वाचने : ‘साधनचिकित्सा’ या शब्दाचा याहून स्वच्छ धडा आपल्या अभ्यासक्रमातही सापडणार नाही.

२५/२६
‘वेळ कोठे आहे?’ हा शेवटचा आक्षेप. शिक्षकांचा असेल तर तो प्रामाणिक आहे. दीड महिन्यात अभ्यासक्रम संपवायचा, वर सरावपरीक्षा घ्यायच्या. पण मी नवे प्रकरण मागत नाही. टिपणातल्या प्रत्येक नावापुढे तीन प्रश्न मागतो : याआधी लोक काय मानत होते? कोणत्या पुराव्याने मत बदलले? त्या बदलाला कोणी आणि का विरोध केला? आज जी जागा एकाकी साधू आणि ताणलेली मान अडवून बसली आहे, तेवढ्याच जागेत ही उत्तरे मावतात. आणि वर्गातल्या ज्या मुलाला नावे व सनावळ्या पाठ होत नाहीत, त्याला प्रश्नाचा धागा धरून त्या आपोआप आठवतात, हा तोटा नव्हे.

२६/२६
परीक्षेला बसणाऱ्या धाकट्या भावंडांसाठी ही उजळणी, आपापल्या टिपणाच्या समासात लिहून घ्यावी :
आनुवंशिकता : गुण दुधापाण्यासारखे मिसळतात, हा समज ७,३२४ बियांच्या मोजणीने मोडला.
उत्क्रांती : डार्विनची आकृती झाडाची आहे, रांगेची नाही; त्याच्या सिद्धान्तातली उणीव मेंडेलने भरून काढली.
संप्रेरके : चेता कापल्यावरही निरोप पोचला, म्हणून रक्तातला निरोप्या सापडला.
चेता : काहालच्या सुट्या पेशींमधली फट बहुधा रसायनाने ओलांडली जाते, लोवींच्या बेडकाने त्याचा पुरावा दिला.
आणि थोरांसाठी एक विनंती : पुढच्या वेळी कुणा वीराच्या चित्राखाली ‘रक्तातच आहे’ असे लिहिण्यापूर्वी सोळा हजारांचा तो हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. पराक्रम त्या माणसाचा होता. तो त्याच्या नावावर राहू द्यावा.
(समाप्त)